पेट्रोलच्या दाबातील थरथर आणि तिला आवरणारा डॅम्पर

पेट्रोल इंजिनातील इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे गाडीचा संगणक ठरवतो, परंतु तेवढ्या वेळात आत जाणारे पेट्रोल दाबावर अवलंबून असते. हा दाब १० टक्क्यांनी उतरला, तर पेट्रोल सुमारे ५ टक्क्यांनी कमी पडते. प्रत्यक्षात दाब क्षणभरही स्थिर नसतो. सोलापूर–हैदराबाद महामार्गावर हुमनाबादजवळून जाणाऱ्या चार सिलिंडरांच्या मोटारीचे इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल, तेव्हा तिचे चारही इंजेक्टर मिळून सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि मिटतात; पेट्रोल द्रव असल्याने फारसे आकसत नाही, त्यामुळे वाहता नळ एकदम बंद केल्यावर पाइपात बसतो तसा ठोका प्रत्येक वेळी ‘फ्युएल रेल’मध्ये, म्हणजे सर्व इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, उमटतो.

हा ठोका शोषून घेण्यासाठी रेलवर डॅम्पर बसवतात. या लहानशा धातूच्या डबीत डायफ्रॅम, म्हणजे लवचीक पडदा, असतो. त्याच्या एका बाजूस पेट्रोल आणि दुसऱ्या बाजूस स्प्रिंग असते. दाब चढला की पडदा मागे सरकून पेट्रोलला जागा देतो आणि दाब उतरला की स्प्रिंग त्याला पुढे ढकलून तेच पेट्रोल रेलला परत करते. सरासरी दाब, बहुधा ३ ते ४ बार, राखण्याचे काम रेग्युलेटरचे. डॅम्पर केवळ त्याभोवतीची थरथर कमी करतो. पूर्वी रेग्युलेटर रेलवरच असे व त्याचा पडदाही काही थरथर शोषून घेई. रेग्युलेटर पेट्रोलच्या टाकीत हलवला गेला, तेव्हा डॅम्परचे महत्त्व वाढले. काही गाड्यांत मात्र रेलच्या पातळ, चपट्या भिंतीच हे काम करतात.

६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळुरूत २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलचा प्रारंभ झाला. इथेनॉल उसापासूनही बनत असल्याने भालकी-हुमनाबादच्या ऊस उत्पादकांना जवळचे असलेले हे इंधन जुन्या प्रकारच्या रबराला फुगवू शकते, म्हणून जुन्या गाड्यांत डॅम्परच्या रबरी पडद्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे.

पडद्याला चीर गेली आणि डॅम्परच्या स्प्रिंगकडील बाजूची नळी इंजिनाच्या हवामार्गाला जोडलेली असली, तर पेट्रोल थेट आत झिरपते, काळा धूर येतो आणि गरम इंजिन लवकर सुरू होत नाही. कलबुर्गीच्या चाळीस अंशांवरच्या उन्हाळ्यात हा दोष सहज उन्हावर ढकलला जाऊ शकतो. तेव्हा इंजेक्टर किंवा पंप बदलण्याआधी मेस्त्रीने, इंजिन बंद व थंड असताना, ती नळी काढून पाहावी आणि तिच्यात पेट्रोलचा ओलावा आढळल्यास डॅम्पर बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये.