‘येंटा’ म्हणजे भोचक बाई? मुळात हे एका मुलीचं साधं नाव होतं!

न्यूयॉर्कमध्ये घडणाऱ्या सिरीज किंवा सिनेमांत कधीतरी “शी इज सच अ येंटा” असं वाक्य कानावर पडतं. अर्थ सरळ आहे. लोकांच्या भानगडीत नाक खुपसणारी, इकडचं तिकडे करणारी भोचक बाई. पण ‘येंटा’ हा शब्द मुळात टोमणा नव्हता. ते मुलीचं नाव होतं, आणि तेही चांगल्या अर्थाचं.

नाव आलं कुठून?

यिद्दिश ही पूर्व युरोपातल्या ज्यू समाजाची भाषा. वळण जर्मन, पण लिपी हिब्रू. या भाषेत मुलींना ‘येंटे’ हे नाव ठेवलं जायचं. त्याचं मूळ जुन्या इटालियन किंवा फ्रेंचमधल्या ‘कुलीन’, ‘सुशील’ अशा अर्थाच्या शब्दात असल्याचं मानलं जातं. इंग्रजीतला ‘जेंटल’ हा त्याच घरातला शब्द. नोबेल विजेत्या पोलिश लेखिका ओल्गा तोकार्चुक यांच्या ‘द बुक्स ऑफ जेकब’ या 18व्या शतकातल्या कथानकाच्या कादंबरीतही येंटे नावाची एक म्हातारी आहे.

मग नाव बदनाम कसं झालं?

यात मोठा वाटा एका विनोदी सदराचा मानला जातो. न्यूयॉर्कमध्ये ‘फोरव्हर्ट्स’ नावाचं यिद्दिश दैनिक निघायचं. त्यात जेकब अ‍ॅडलर हे विनोदी लेखक ‘बी. कोवनर’ या टोपणनावाने लिहायचे. 1910 च्या दशकात त्यांनी ‘येंटे तेलेबेंदे’ हे पात्र रंगवलं. नवऱ्याला सतत धारेवर धरणारी, तोंडाची फटकळ बाई. पात्र इतकं गाजलं की तशा स्वभावाच्या कोणत्याही बाईला लोक ‘येंटे’ म्हणू लागले. पुढे ज्यू स्थलांतरितांच्या बोलण्यातून हा शब्द अमेरिकन इंग्रजीत आला आणि ‘येंटा’ झाला.

इंग्रजी वाक्यात कसा वापरतात?

व्यक्तीच्या नावामागे इंग्रजीत सहसा ‘अ’ लागत नाही. येंटाला मात्र लागतो. “डोन्ट बी अ येंटा” म्हणजे भोचकपणा करू नकोस. “द ऑफिस येंटा” म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या बातम्या जिच्याकडे पोहोचतात ती. अनेकवचन ‘येंटाज’ होतं, आणि लिहिताना पहिलं अक्षर कॅपिटल नसतं. पुरुषालाही “ही इज अ येंटा” म्हणतात. घरात, मित्रमंडळीत ही प्रेमाने केलेली थट्टा असते. अनोळखी माणसाला म्हटलं, तर तो अपमान ठरू शकतो.

येंटा म्हणजे लग्न जुळवणारी?

हा गैरसमज अनेकांचा आहे. 1964 साली ब्रॉडवेवर आलेल्या ‘फिडलर ऑन द रूफ’ या संगीत नाटकात आणि 1971 च्या त्याच नावाच्या सिनेमात लग्न जुळवणाऱ्या बाईचं नाव येंटे आहे. त्यामुळे नावालाच पेशा समजलं गेलं. लग्न जुळवणाऱ्यासाठी यिद्दिशमध्ये ‘शादखन’ हा वेगळा शब्द आहे. गंमत म्हणजे शोलेम अलेकेम यांच्या ज्या कथांवर हे नाटक बेतलं, त्यांत हे काम एफ्राइम नावाचा पुरुष करतो.

फरक कुठे पडतो?

मराठीतही भांडणं लावणाऱ्याला आपण ‘कळीचा नारद’ म्हणतोच. पण नारद हे पुराणातलं पात्र. ‘येंटे’ हे चालत्या-बोलत्या बायकांचं नाव होतं. शब्दाला वाईट अर्थ चिकटला आणि मुलींना हे नाव ठेवणं मागे पडलं. अलीकडे सोशल मीडियावर ‘कॅरन’चं तेच झालं. अरेरावी करणाऱ्या बाईला ‘अ कॅरन’ म्हणणारे मीम्स जगभर फिरले, आणि खरोखरच कॅरन नाव असलेल्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या बायकांनाही ते ऐकून घ्यावं लागलं. येंटेच्या वेळी हे घडायला वर्तमानपत्र आणि काही वर्षं लागली होती. आता एक व्हायरल पोस्ट पुरते.