चार वाजताची अंघोळ

डिसेंबरात भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी, रतनवाडीच्या अंगाला तंबू ठोकला की सकाळी त्या पाण्यात हात घालायला कोणी धजत नाही. मग चूल पेटते. दहा लिटर पाणी वीस अंशांनी तापवायचं तर तीन दगडांच्या चुलीत साधारण अर्धा किलो लाकूड जातं. दहा जणांचा मुक्काम असेल तर पाच किलो, आणि आजूबाजूला जंगल आहे ते कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं. अंघोळीपायी तिथलं सरपण जाळणं मला मुळीच पटत नाही. म्हणून सामानात एक सौर पिशवी असते: तळ काळा, वरची बाजू पारदर्शक, खालच्या टोकाला नळी आणि तिला छोटी झारी.

नऊच्या सुमारास ती भरायची. वीस लिटरची असली तरी दहाच लिटर. पाण्याचा थर पातळ राहिला तर तेवढ्याच उन्हात ते लवकर तापतं. कातळ रात्रभर गारठलेला असतो आणि पाण्यातली ऊब ओढून घेतो, म्हणून पिशवीखाली वाळक्या गवताचा जाडसर थर घालायचा.

आता तिची दिशा. या भागात डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर येतो, दक्षिणेकडे कललेला. पिशवी आडवी टाकली तर जवळपास चौथा हिस्सा ऊन वाया जातं. फार उभी केली तर पाणी खाली गोळा होऊन पोट फुगतं. डोक्याकडे दोन दगड सरकवून तोंड दक्षिणेला केलं की मधला मार्ग साधतो.

अर्धा मीटर लांब आणि चाळीस सेंटिमीटर रुंद अशा पिशवीवर समोरासमोर ऊन पडलं तर दोनशे वॅटच्या आसपास उष्णता मिळते. त्यातली निम्मी पाण्यात उतरली, तरी वीस अंश चढायला दोन तासांहून जास्त लागतात. सकाळचं ऊन तिरकं, म्हणून प्रत्यक्षात चार तास धरावेत. इथे घाई करणाऱ्याचं काम नाही.

मात्र खरा शत्रू वारा. जलाशयावरून झुळूक सुरू झाली की कमावलेली ऊब घटू लागते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने १८९१ मध्ये काळ्या टाक्या काचेच्या झाकणाच्या पेटीत बसवून सौर बंबाचं पेटंट घेतलं, त्यामागेही हेच कारण होतं. उघड्यावरच्या काळ्या टाक्या तापायच्या, पण तितक्याच सहज निवायच्या. आम्ही पिशवीवर चार काटक्यांच्या आधाराने पारदर्शक प्लास्टिक ताणतो. मध्ये बोटभर हवा राहिली पाहिजे. प्लास्टिक पिशवीला चिकटलं तर अर्धा फायदा गेला.

दीडच्या सुमारास वर हात लावला तर चटका बसतो, पण त्यावर जाऊ नये. गरम पाणी वर चढून बसलेलं असतं आणि नळी तळातून निघते. पिशवी दोन-तीनदा उलटसुलट केली की सगळं पाणी सारखं होतं. मग थोडं मनगटावर सोडून पाहायचं. कढत लागलं तर विसण घालायचं, हिवाळ्यात मात्र ती वेळ क्वचितच येते.

रतनवाडीत पश्चिमेला रतनगडाची रांग आहे, त्यामुळे उन्हं लवकर डोंगराआड जातात. सावली येण्याआधीच पिशवी घोंगडीत गुंडाळून ठेवावी. चारच्या सुमारास, भटकंती करून घामेजलेली माणसं परततात तेव्हा, हे पाणी अंगावर घ्यायला अगदी बेताचं असतं. सकाळच्या अंघोळीचा हट्ट सोडायला तयार नसलेल्याने मात्र या पिशवीच्या वाटेला जाऊ नये.

झारी बारीक असल्याने पाच-सहा लिटरमध्ये एकाची अंघोळ नीट होते. अंग ओलं करायचं, नळी बंद, साबण, मग पुन्हा नळी. पिशवी झाडाला टांगायची ती काठापासून निदान साठ मीटर आत, जिथे साबणाचं पाणी मातीत जिरेल. उरलेलं पाणी लहान मुलांचे हातपाय धुवायला, नाहीतर पिठल्याच्या पातेल्याला. कोमट पाण्याने तेलकटपणा राखेशिवायही सुटतो.