शंभर मैलांचा आठवडा

२ सप्टेंबर १९६० रोजी रोमच्या ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडच्या पीटर स्नेल यांनी ८०० मीटरची शर्यत जिंकली; त्याच दिवशी त्यांचे देशबांधव मरे हॅल्बर्ग ५,००० मीटरमध्ये पहिले आले. दोघांचे गुरू एकच – पादत्राणांच्या कारखान्यात काम केलेले ऑकलंडचे आर्थर लिडियार्ड. हंगामापूर्वी ते शिष्यांकडून आठवड्यास १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, धावून घेत. त्यांतली एक दौड वाइटाकेरे डोंगरांतून बावीस मैलांची असे.

पावणेदोन मिनिटांच्या शर्यतीसाठी एवढा खटाटोप कशाला, अशी शंका वाचकास येईल. परंतु त्या शर्यतीतही निम्म्याहून अधिक ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्यानेच मिळते. दीर्घ धावण्याने स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात आणि हृदय प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त पुढे लोटते. पेशींत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकाही वाढतात. १९६७ मध्ये जॉन होलोझी यांनी उंदरांना फिरत्या पट्ट्यावर धाववून हे दाखविले. पुढे स्वतः शरीरक्रियाशास्त्रज्ञ झालेले स्नेल आणखी एक कारण देत, आणि तेच अधिक मार्मिक वाटते. मंद स्नायुतंतूंतील ग्लायकोजेनचा साठा सरत आला, की द्रुत तंतूंना कामास जुंपावे लागते. संथ दौडीतही मग त्यांचा सराव होतो.

मात्र दम जितक्या लवकर वाढतो, तितक्या लवकर हाडे व कंडरा बळकट होत नाहीत. श्वास पुरतो एवढ्यावरून एकाएकी अंतर वाढविणाऱ्याच्या नडगीच्या हाडास बारीक चीर पडू शकते, आणि मग कित्येक आठवडे धावणेच थांबते.