पोटांतील जंत आणि देहाचा प्रतिकार

आमच्या मीरा-भाईंदरच्या शाळांतून मुलांना जंतांची गोळी देतात, तेव्हां घरोघर एकच प्रश्न निघतो : गेल्या वर्षीं दिली होती, मग पुन्हां कशाला ? प्रश्न रास्त आहे. गोवर एकदां येऊन गेला कीं सहसा परत येत नाहीं. जंत मात्र पुनःपुन्हां होतात. असें कां व्हावें ?

चरकसंहितेच्या विमानस्थानांत, सातव्या अध्यायांत, कृमींवर तीन उपाय आहेत. अपकर्षण म्हणजे कृमि बाहेर काढणें, प्रकृतिविघात म्हणजे त्यांना मानवणारी स्थिति मोडणें, आणि निदानपरिवर्जन म्हणजे मूळ कारण टाळणें. अर्वाचीन संशोधन वाचतांना आम्हांस मौज वाटली ती ही, कीं यांपैकीं पहिले दोन उपाय देह आपण होऊनच करूं पाहतो.

रोगजंतु सूक्ष्म असतो. रक्तांतील पांढरी पेशी त्यास गिळून टाकते. परंतु मोठ्या जंताची मादी वीतभर किंवा त्याहूनही लांब. तिला गिळणार कोण ? म्हणून येथें देहाची नीति निराळी. आंतड्याच्या अस्तरांत तुरा असलेल्या कांहीं विरळ पेशी असतात; त्या पहारेकरी आहेत हें 2016 सालीं उघडकीस आलें. जंताची चाहूल लागतांच त्या रासायनिक संदेश धाडतात. त्यासरशीं बुळबुळीत श्लेष्मा अधिक स्रवूं लागतो, अस्तराच्या जुन्या पेशी लौकर झडून नव्या येतात, आंतड्याचे स्नायु जोरानें आकुंचन पावतात. भाडेकऱ्यास मारावयाचें नाहीं, पण घर असें निसरडें करावयाचें कीं त्याचा पायच ठरूं नये ! हें ज्ञान बहुतांशीं उंदरांवरील प्रयोगांचें आहे. तथापि जंत झालेल्या माणसाच्या रक्तांतही इओसिनोफिल नांवाच्या पेशी आणि ‘आयजीई’ हें प्रतिद्रव्य वाढलेलें आढळतें. इशिझाका दांपत्यानें 1966 सालीं ओळखलेलें हेंच प्रतिद्रव्य कित्येकांच्या दम्यास व शिंकांसही कारण होतें.

पण जंतही कांहीं कमी धूर्त नाहींत. प्रतिकार मंदावेल अशीं द्रव्यें ते सोडीत राहतात. देहासही फार निकरानें लढणें परवडत नाहीं, कारण त्यांत आपलेंच आंतडें घायाळ व्हावयाचें. शेवटीं अर्धवट तह होतो. ज्या मुलाच्या ताटांत डाळ-दूध तोकडें, त्याचा प्रतिकारही तोकडा.

फेब्रुवारी 2015 पासून सरकारनें जंतनाशक दिन सुरू केला. 1 ते 19 वर्षांच्या मुलांस अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी, आणि दोन वर्षांखालील बाळास अर्धी, अशी योजना आहे. ही गोळी जंतांना साखर शोषूं देत नाहीं, म्हणून ते क्षीण होऊन बाहेर पडतात. मात्र ती देहास कांहीं शिकवीत नाहीं. लस निराळी, गोळी निराळी. एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडीं घालते, आणि ओल्या मातींत तीं दोन-तीन आठवड्यांत पक्व होतात. खाडीकांठीं पावसाळ्यांत माती सुकते कधीं ? तिसरा उपाय, निदानपरिवर्जन, देहाच्या हातचा नाहीं. तो शौचकूप, साबण आणि धुतलेली भाजी यांच्याच हातचा.

सुतासारख्या बारीक जंतांना तर मातीचीही गरज नाहीं. रात्रीं खाजविलेल्या बोटांवरून त्यांचीं अंडीं अंथरुणांत पसरतात व कांहीं तासांतच बाधूं लागतात. म्हणून एका मुलास ते झाले, तर डॉक्टर आजोबांसकट साऱ्या घरास औषध देतात.