पावसाआधी फांद्या छाटताय? जरा थांबा

मे महिना आला की कोकणात आणि मुंबईत घराघरांतून कोयते बाहेर निघतात. घरावर आलेली फांदी पावसाआधी काढायलाच हवी, पण बहुतेक ठिकाणी ती काढतात कशी? वरून सपासप घाव घालून. फांदी स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची साल हातभर सोलून नेते. आपल्या दमट हवेत अशा जखमेतून बुरशी शिरायला वेळ लागत नाही.

जाणकार माणूस करवत वापरतो. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून तिसरा हिस्सा कापतो, मग थोडं पुढे वरून. फांदी अलगद सुटते. उरलेला खुंट शेवटी, पण खोडाला लागून सपाट नाही! फांदीच्या बुडाशी फुगीर कडं दिसतं ना, ते शाबूत ठेवायचं. जखम तिथूनच भरून येते. आंब्याच्या कापावर बोर्डो पेस्ट लावतात: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

बांडगूळ दिसलं तर नुसती पानं ओरबाडू नका, ते जिथे चिकटलंय त्याच्या खालून फांदीच काढा. आणि शेंडा उडवून झाड ‘बुटकं’ करून देतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. तिथून फुटणारे धुमारे कमकुवत असतात, वाऱ्यात तेच आधी मोडतात.

शहरात झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. अर्ज आत्ताच करा, पाऊस तोंडावर आल्यावर नको.