मेंदूला हवं तिथेच रक्त कसं पोचतं?

चाकणच्या एखाद्या कारखान्यात तिसऱ्या पाळीतला इन्स्पेक्टर सुट्या भागावरचा बारीक ओरखडा शोधत असतो. त्या वेळी त्याच्या मेंदूच्या मागच्या टोकाला, जिथे नजरेचं काम चालतं तिथे, रक्ताचा ओघ वाढतो. मेंदूला मिळणारं एकूण रक्त मात्र जवळपास तेवढंच राहतं. हे कसं घडतं, ते आपण क्रमाने पाहू.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के. पण आपण स्वस्थ बसलेले असतानाही शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो घेतो. शिल्लक साठा जवळजवळ शून्य. भोसरी-चाकण पट्ट्यात काम केलेल्यांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल: लाइनवर मालाचा ढीग नसतो, कानबन कार्ड, म्हणजे माल मागवणारं कार्ड, गेलं की व्हेंडरचा माल येतो.

मेंदूत हे कार्ड रसायनांचं असतं. चेतापेशी, म्हणजे संदेश वाहणाऱ्या पेशी, कामाला लागल्या की ग्लुटामेट नावाचं रसायन सोडतात. त्यामुळे आसपास नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. चेतापेशींच्या शेजारी चांदणीसारख्या आकाराच्या तारकापेशी असतात. त्यांची टोकं रक्तवाहिन्यांना बिलगलेली असतात आणि त्याही आपले संदेश पाठवतात.

इथे बहुतेकांची गफलत होते. ऑक्सिजन संपत आला म्हणून रक्त धावून येतं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मुख्यतः काम सुरू झाल्याचीच वर्दी जाते. तूट पडण्याची वाट पाहिली जात नाही.

ही वर्दी धमनिकांना, म्हणजे अगदी बारीक धमन्यांना, मिळते आणि त्यांच्या भिंतीतले स्नायू सैलावतात. नळी थोडीशीच रुंदावते, पण फरक मोठा पडतो. दाब तेवढाच धरला, तर १० टक्के जास्त व्यासाच्या नळीतून गणिताने सुमारे ४६ टक्के जास्त प्रवाह जातो. एक-दोन सेकंदांत ओघ वाढू लागतो आणि पाचेक सेकंदांत शिगेला पोचतो.

गंमत म्हणजे, येणारा ऑक्सिजन गरजेपेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे तिथल्या रक्तात ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण घटतं. या हिमोग्लोबिनचा चुंबकीय गुणधर्म वेगळा असतो, आणि तो फरक एमआरआयवर टिपता येतो हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं. मेंदूचा कोणता भाग कामात आहे ते चित्रात दाखवणारं फंक्शनल एमआरआय त्यावरच चालतं. म्हणून त्या चित्रातला लाल ठिपका म्हणजे ‘पकडलेला विचार’ नव्हे. तो काही सेकंद उशिरा उमटलेला रक्ताचा माग आहे.

आता पाळीतल्या चहाबद्दल. चहाने तरतरी येते, ती मेंदूत रक्त वाढल्यामुळे नव्हे. कॅफीन तिथल्या रक्तवाहिन्या उलट आकसवतं.

खरा बिघाड वर्षानुवर्षं होत जातो. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखूचा धूर यांनी रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं, भिंती ताठरतात. मग वर्दी जाते, पण नळी हवी तेवढी रुंदावत नाही. कारखान्यातल्या वार्षिक तपासणीत रक्तदाब आणि साखर यांचे आकडे येतात, ते नुसते फाइलला लावू नका.

रक्ताची गुठळी अडकली तर मात्र ही यंत्रणा हतबल ठरते. तोंड वाकडं होणं, एका हातातला जोर जाणं, बोलणं अडखळणं, यांपैकी काहीही अचानक दिसलं तर पाळी संपायची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.