रोग आणि नगर (भाग 9) : प्लेगने आखलेले रस्ते

मागच्या आठवड्यात आपण मुंबईत, मांडवीच्या गोदामांत होतो. 1896च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी तिथे गाठीचा ताप ओळखला. त्यानंतरच्या दोन वर्षांत हा रोग रेल्वेच्या रुळांवरून दख्खनभर उतरला. पुणे, बेळगाव, धारवाड, हुबळी अशी त्याची वाट होती, आणि ती पुढे बेंगळुरूला जाते. 1898च्या ऑगस्टमध्ये हुबळीहून आलेल्या, रेल्वेच्या एका साहेबाकडे बटलर असलेल्या माणसाला ताप भरला. बेंगळुरूतला प्लेगचा पहिला रोगी म्हणून त्याचीच नोंद आहे. पुढच्या काही आठवड्यांत पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारवस्तीतल्या, घरांतून उंदीर पडायला लागले आणि उंदरांमागोमाग माणसं.

तेव्हाचं बेंगळुरू म्हणजे शेजारशेजारची दोन गावं होती. पश्चिमेला केंपेगौडाने वसवलेली जुनी पेटे आणि किल्ला. तिथे म्हैसूर संस्थानचा कारभार. पूर्वेला इंग्रजांची छावणी, म्हणजे सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन. तिथे रेसिडेंटची सत्ता. दोन्हींची नगरपालिका वेगळी, पोलीस वेगळे, नियम वेगळे आणि मध्ये कब्बन पार्कची झाडी. 1891च्या शिरगणतीत दोन्ही मिळून 1,80,366 माणसं होती. दहा वर्षांनी, 1901 साली, ती 1,59,046 भरली. ही सगळी घट मृत्यूंची नाही, हे लक्षात ठेवायला हवं. कित्येकांनी घराला कुलूप लावून गाव गाठलं आणि ते परतलेच नाहीत. पण वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांत एकवीस हजारांनी उतरावी, हा आकडा मला फार बोलका वाटतो.

पेटेतच रोग इतका का फोफावला? चिकपेट, बळेपेट, तरगुपेट ही नावं आजही नकाशावर आहेत. तरगुपेट हा धान्याचा बाजार. खाली पोत्यांची थप्पी, वर किंवा मागे राहतं घर, मातीच्या भिंती, शेजारच्या घराशी सामाईक. उजेड यायचा तो पुढच्या दारातून, आणि पुष्कळ घरांत गाय-म्हैसही त्याच छपराखाली बांधलेली. आपली मराठी माणसंही या पेटांत होती. कापडाच्या, शिवणकामाच्या आणि रंगाऱ्याच्या धंद्यातली शिंपी आणि भावसार घरं. दाणे, माती आणि अंधार एवढं मिळालं की उंदराला आणखी काही लागत नाही. त्यात बेंगळुरूची हवा. साहेबांना जी थंड, दमट हवा इतकी मानवायची, तीच पिसवांनाही मानवते. कोरड्या कडक उन्हात पिसू टिकत नाही. इथे तसं ऊन पडतंच किती महिने?

संस्थानात तेव्हा राजा अल्पवयीन होता आणि महाराणी केंपनंजम्मण्णी राज्यकारभार पाहत होत्या. दिवाण होते के. शेषाद्री अय्यर. त्यांनी प्लेगच्या बंदोबस्तासाठी जो आयुक्त नेमला त्याचं नाव व्ही. पी. माधवराव. या आद्याक्षरांत एक मराठी आडनाव लपलं आहे: विश्वनाथ पाटणकर माधवराव. तंजावरच्या मराठ्यांबरोबर कावेरीकाठी गेलेल्या देशस्थ घराण्यांपैकी एकातला, कुंभकोणमचा हा माणूस. पुढे तो म्हैसूरचा आणि नंतर बडोद्याचा दिवाण झाला. बसवनगुडीत दिवाण माधवराव रोड आजही आहे.

माधवरावांच्या कामाचं मोल कळायला पुणे आठवावं लागतं. 22 जून 1897 रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर तिथल्या प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्यावर गोळी झाडली. गोरे सोजीर घरात शिरले, देवघर आणि माजघर तुडवलं गेलं, त्याचा तो संताप होता. त्याच तारखेला, त्याच महोत्सवानिमित्त, बेंगळुरूत महाराणींच्या हस्ते व्हिक्टोरिया इस्पितळाची कोनशिला बसत होती. ते इस्पितळ 8 डिसेंबर 1900 रोजी लॉर्ड कर्झनच्या हस्ते सुरू झालं आणि आजही चालू आहे. म्हणून म्हैसूरची मोहीम सौम्य होती असं मी म्हणणार नाही. घरांची झडती, कपडे जाळणं, रोग्याला आणि त्याच्या माणसांना प्लेगच्या छावणीत हलवणं हे सगळं इथेही झालं आणि लोकांनी ते मुकाट सोसलं नाही. पण हुकूम देणारे या मुलखाच्या भाषा बोलणारे होते, आणि त्याने फरक पडला. शहरात टेलिफोनच्या पहिल्या तारा ओढल्या गेल्या त्याही याच धामधुमीत, प्लेगच्या कामाच्या निरोपांसाठी.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. प्लेगने बेंगळुरूला दोन उपनगरं दिली, असं सर्रास लिहिलं जातं. खरं तर मल्लेश्वरम आणि बसवनगुडी यांची आखणी 1890च्या दशकाच्या सुरुवातीलाच हाती घेतलेली होती. प्लेगने तिला घाई लावली आणि गिऱ्हाईक मिळवून दिलं. उत्तरेला मल्लेश्वरम 291 एकरांवर, दक्षिणेला बसवनगुडी 440 एकरांवर. मल्लेश्वरमला नाव देणारं काडू मल्लेश्वराचं देऊळ आपल्याला परकं नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी यांनी या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याचा 1669चा शिलालेख तिथे आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतल्या त्या जुन्या इनामाच्या परिसरात सव्वादोनशे वर्षांनी म्हैसूरच्या सर्व्हेअरांनी दोऱ्या ताणल्या.

बसवनगुडीची आखणी नकाशावर पाहावी. मधोमध चौक, काटकोनात रस्ते, आणि चारी कोपऱ्यांकडून चौकाकडे तिरपे येणारे चार रस्ते. माधवरावांचा रस्ता त्यांतलाच एक. प्रत्येक घर आपापल्या आवारात सुटं. पुढे रुंद रस्ता आणि झाडं. मागे, दोन ओळींच्या परसांमधून, एक अरुंद गल्ली. या गल्लीला इथे कॉन्झर्व्हन्सी लेन म्हणतात आणि ती विलायतेहून आली. इंग्लंडमध्ये 1875च्या पब्लिक हेल्थ अ‍ॅक्टनंतर गावोगावच्या नगरपालिकांनी घरबांधणीचे नियम केले. घराला मोकळी जागा सोडायची, आणि संडासातला मैला घरातून न नेता मागच्या दाराने काढता यावा अशी सोय ठेवायची. कामगारवस्त्यांच्या लांबच लांब ओळी आणि त्यांमागच्या गल्ल्या या नियमांतून उभ्या राहिल्या. प्रत्येक नगरपालिकेला मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ असायचा आणि तो दरवर्षी किती मेले, कशाने मेले, गटारांचं काय झालं याचा लेखी हिशेब द्यायचा. हा सगळा विचार एका समजुतीवर उभा होता: घाणेरडी, कोंडलेली हवा रोग आणते, हवा खेळती ठेवा, माणसं विरळ करा.

प्लेगच्या बाबतीत ही समजूत चूक होती. यर्सिनने 1894 साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू दाखवला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा हे कळलेलं नव्हतं. 1898 साली, म्हणजे बेंगळुरूत साथ पेटली त्याच वर्षी, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून सांगितलं की उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग नेते. बहुतेकांनी ते मानलं नाही. 1905पासून मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत, प्लेगच्या चौकशीसाठी नेमलेल्या मंडळींनी पिंजऱ्यांत उंदीर ठेवून चिकाटीने ते सिद्ध केलं. उंदीर मेला की त्याचं अंग गार पडतं, पिसवा उतरतात आणि जवळ जे ऊबदार अंग असेल त्यावर चढतात. घरात उंदीर पडला की माळावर झोपडी घालून राहायला जायचं, ही आपल्या खेड्यांतली रीत म्हणूनच अचूक होती.

मग सुट्या घरांचा काहीच उपयोग झाला नाही का? झाला. सामाईक भिंत गेली, घरातली धान्याची थप्पी गेली, उजेड आला आणि उंदराला एका घरातून दुसऱ्यात जायला आडोसा उरला नाही. हवेसाठी केलेली व्यवस्था पिसवेवर लागू पडली. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात हे पुनःपुन्हा घडलं आहे, आणि सिद्धांत पक्का होईपर्यंत हात बांधून न बसणाऱ्यांचं मला म्हणूनच कौतुक वाटतं.

नव्या ज्ञानावर बांधलेली वसाहत बघायची तर छावणीत जायला हवं. पापरेड्डीपाळ्य परिसरात 1906 ते 1910च्या दरम्यान फ्रेझर टाऊन उभं राहिलं. स्टुअर्ट फ्रेझर हे तेव्हाचे रेसिडेंट. सरकारी कागदांत आज या भागाला पुलकेशीनगर म्हणतात. नगरपालिकेचे इंजिनिअर जे. एच. स्टीफन्स यांनी हवेइतकाच उंदराचाही विचार केला. दगडी उंच जोतं, उंदराला पोखरता येणार नाही अशी जमीन, लपायला पोकळी राहणार नाही असं छत, खोल्यांना समोरासमोर खिडक्या, घराघरांत अंतर. 1914 साली त्यांनी या अनुभवावर पुस्तकच लिहिलं. त्याच काळात इंग्लंडात लेचवर्थचं उद्यान-नगर आणि हॅम्पस्टेडचं उद्यान-उपनगर आकाराला येत होतं आणि त्यांची चर्चा जगभर झाली. फ्रेझर टाऊनची तितकी झाली नाही. मला हा अन्याय वाटतो.

पण या उपनगरांत राहायला गेलं कोण? प्लॉट घ्यायला पैसे लागत आणि घर बांधायला आणखी. सरकारी नोकर, वकील, पेन्शनर गेले. हमाल, विणकर, चिंध्या गोळा करणारे पेटेतच राहिले, रोगही तिथेच ठाण मांडून राहिला आणि वर्षानुवर्षं परतत गेला. शिवाय उपनगरांतले भाग जातवार पाडलेले होते. कोणाचा प्लॉट कुठे हे खिशाच्या वजनासोबत जातही ठरवायची. त्याच साथीत प्लेगच्या छावण्यांमधून राबणाऱ्या डॉक्टरांत डॉ. पद्मनाभन पल्पू होते. मद्रासहून डॉक्टर होऊन आलेल्या या एळवा तरुणाला त्रावणकोर संस्थानने जातीमुळे नोकरी नाकारली होती. म्हैसूरने दिली. पुढे 1903 साली नारायण गुरूंबरोबर श्रीनारायण धर्म परिपालन योगम उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांना नोकरी देणाऱ्या याच राज्याने नव्या वस्तीत जातीच्या रेघा मारल्या, आणि या दोन गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय तो काळ नीट दिसत नाही.

सर्वांत ठळक रेघ ती मागची गल्ली. जमिनीखालची मैलावाहिनी बेंगळुरूत 1922च्या सुमारास यायला लागली, आणि तीही आधी शहराच्या मध्यभागात. तोवर, आणि पुष्कळ घरांना त्यानंतरही, रोज पहाटे कोणीतरी त्या गल्लीतून यायचं, भिंतीतली छोटी झडप उघडायचं, टोपलं भरायचं आणि डोक्यावर घेऊन जायचं. इंग्लंडमध्ये हे काम हलकं समजलं जाई, पण ते मजुरीचं होतं आणि माणसाला सोडता येत होतं. इथे ते जन्माने गळ्यात पडलं. गल्लीची सोय अशी की घरातल्या कोणालाही त्या माणसाचं तोंड बघावं लागू नये. आरोग्याचा विलायती नियम इथल्या अस्पृश्यतेला इतका चपखल बसला, की कोणालाच तो बदलावासा वाटला नाही. ज्या उपनगरांची हवा आणि सावली आपण वाखाणतो, ती निरोगी ठेवण्याचा भार या माणसांनी वाहिला, आणि नकाशावर त्यांचं घर कुठेच नव्हतं.

कर्नाटकात डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदी आली ती 1970च्या दशकात, मंत्री बी. बसवलिंगप्पा यांच्या हट्टामुळे. ते स्वतः दलित होते. देशभराचा कायदा 1993चा, आणि तो तोकडा पडला म्हणून दुसरा 2013चा. तरीही मॅनहोलमध्ये उतरून माणसं गुदमरल्याच्या बातम्या अजून येतात, बेंगळुरूतूनही.

मागच्या गल्ल्यांपैकी कित्येक आता शेजाऱ्यांनी परसात ओढून घेतल्या, काहींत मोडकं सामान आणि कचरा साठला. मल्लेश्वरममध्ये रहिवाशांनी काही गल्ल्या साफ केल्या आहेत, भिंती रंगवल्या आहेत, बसायला बाक ठेवले आहेत. हे काम चांगलं आहे. त्या भिंतींवर फुलापाखरांच्या जोडीला, ही गल्ली कोणासाठी काढली आणि इथून कोण काय घेऊन जात असे, याची एक पाटी कन्नडमध्ये लावावी असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या आठवड्यात मुंबईला परतू. 1898 सालीच तिथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याची आखणी हाती घेतली. बेंगळुरूत सरकारने मोकळ्या माळावर रेघा मारल्या. मुंबईत आधी चाळी पाडल्या गेल्या. त्या चाळींतली माणसं कुठे गेली, ते पाहू.